रंग कुठे द्यायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा: घराच्या आतल्या रंगांबद्दल

ओसरी | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

गेल्या पाडव्याला आम्ही कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिसरा मजला, दोन बेडरूम, इमारत जुनी. आधीच्या मालकांनी प्रत्येक खोलीत एक 'हायलाइट' भिंत करून घेतली होती. हॉलमध्ये गडद नारिंगी, एका बेडरूममध्ये जांभळी, दुसरीत पोपटी, स्वयंपाकघरात लालभडक टाइल्स, आणि हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये निळ्या दिव्यांची पट्टी. पहिले काही दिवस संध्याकाळी हॉलमध्ये बसवेना. कारण कळत नव्हतं. घर हवेशीर होतं, शेजार चांगला होता, पण सोफ्यावर बसलं की डोळा कुठे टेकायला जागाच मिळायची नाही.

म्हणून आधी सगळं मोतिया रंगाचं करून घेतलं. सगळ्या भिंती, सगळ्या खोल्या. नातेवाइकांना ते अपुरं वाटलं. "पुढचं कधी करणार?" असं सासूबाई दोनदा विचारून गेल्या. मी म्हटलं, चार महिने असंच राहू दे.

त्या चार महिन्यांत मला घरातले रंग दिसायला लागले. मोझॅकची फरशी, जी मी काढून टाकायला निघाले होते, तिच्यात पिवळसर पांढऱ्यात विटकरी आणि काळ्या खड्यांची नक्षी आहे हे पहिल्यांदा नीट पाहिलं. सागवानी दारांना जुन्या पॉलिशचा मधासारखा रंग आहे. आजीचं शिसवी कपाट बेडरूमच्या जांभळ्या भिंतीपुढे नुसतं काळं दिसायचं, ते मोतिया भिंतीपुढे तपकिरी दिसायला लागलं आणि त्याच्या दारांवरच्या रेषा उठून आल्या. कपाट तेच, जागा तीच.

मग एकच रंग आणायचा ठरवला. आमसुली. हॉलकडून बेडरूमकडे जाणारा पॅसेज आहे, साडेतीन फूट रुंद, खिडकी नाही. तिथे मोतिया रंग दिवसभर मळका राखाडी दिसत होता, कारण मुळात उजेडच पोचत नाही. जिथे उजेड नाही तिथे फिका रंग लावून उजेड येत नाही, हे मला तेव्हा कळलं. दुकानातल्या कार्डावर आमसुली नावाची छटा कुठे असणार! घरी वाटीत आमसूल भिजवलं. दहा मिनिटांनी पाण्याच्या कडेला जो लालसर जांभळा उतरतो आणि आमसुलाच्या सालीवर जो जवळजवळ काळा राहतो, त्या दोन्हींच्या मधला रंग मला हवा होता. ती वाटी घेऊन दुकानात गेले. तीन छटा निघाल्या. दोन फूट बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर त्यांचे दोन-दोन हात मारले आणि ते पुठ्ठे आठवडाभर पॅसेजमध्ये फिरवत राहिले. सकाळी सातला, दुपारी, दिवा लावल्यावर. पहिली छटा दिव्याखाली चॉकलेटी झाली, दुसरी वांगी. तिसरी आमसूलच राहिली.

पॅसेजच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. तिथे कुणी तासन् तास बसत नाही, नुसतं जातं-येतं, म्हणून गडद रंगाचा कंटाळा येत नाही. शिवाय हॉलमधून पाहिलं की तो चौकटीत बसवल्यासारखा दिसतो.

तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळते. कुठल्याही दारात उभं राहून एका नजरेत जेवढं दिसतं, तेवढ्यात एकच बोलका रंग. दुसरा आणायचा झाला तर पहिला उचलायचा.

आणि यात मला जे सगळ्यात आवडलं ते गौरी-गणपतीत समजलं. झेंडूचं तोरण, केळीचे खांब, गौरींच्या साड्या, फळांची ताटं, दारातली रांगोळी. आपल्या घरांत रंग येत-जात असतात. सणाला येतात, भाजीच्या पिशवीतून येतात, दोरीवर वाळणाऱ्या साड्यांतून येतात. भिंती आधीच बोलत असतील तर यांना बोलायला जागा कुठे राहते? यंदा पहिल्यांदा आमची गौर दारातून दिसली.

तुम्ही तुमच्या घरात रंग कुठे दिला, आणि कुठे मोह आवरला? फसलेले प्रयोगही नक्की सांगा, त्यातून जास्त कळतं.

---

गिलावा | ११ फेब्रुवारी, रात्री ११:०५

ओसरीताई, फार चांगला धागा. मी नाशिकला वीस वर्षं इंटिरिअरचं काम करते. ज्या गोष्टी ग्राहकांना पुन्हा पुन्हा सांगते त्या इथे लिहिते.

पहिली, रंग ठरवायला सुरुवात भिंतीपासून करू नका. फरशी, दारं, ओटा आणि खिडक्यांच्या चौकटी हे तुमचे पहिले चार रंग आहेत आणि ते पंधरा-वीस वर्षं बदलणार नाहीत. भिंत पाच वर्षांत बदलेल, पडदा दोन वर्षांत. जे सगळ्यात टिकणार त्याचं आधी ऐकायचं. शहाबादी फरशी करडी-निळसर असते, तिच्याशी पिवळट क्रीम जरा भांडतं. कोटा फरशीला हिरवट झाक असते. हल्लीच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बहुतेक पिवळसर पांढऱ्या असतात आणि भिंतीचा रंग त्यांच्यात उतरतो, म्हणजे तुमचा रंग दुप्पट होतो. हे कुणी धरत नाही.

दुसरी, शेड कार्डावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर 'एलआरव्ही' म्हणून एक आकडा असतो. रंग किती उजेड परत फेकतो ते त्यावरून कळतं. ० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. नाव काहीही असो, हा आकडा बघा. रोज वापरायच्या, कमी उजेडाच्या खोलीत ६०च्या खालचा रंग चारी भिंतींना लावला की दिवसाही दिवा लावावा लागतो.

तिसरी, कार्डावरच्या टिकलीएवढ्या तुकड्यावरून रंग निवडू नका. मोठ्या भिंतीवर तोच रंग जास्त तीव्र दिसतो, आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात. पिवळ्यात हे सगळ्यात जास्त होतं. कार्डावर जो हळदी आवडला त्यापेक्षा दोन पायऱ्या फिका आणि थोडा करडा घ्या, भिंतीवर तो तुम्हाला हवा तसा दिसेल.

६०-३०-१० चं सूत्र सगळे सांगतात. साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के ठसका. सुरुवातीला मला त्याचा उपयोग झाला, पण ते फक्त क्षेत्रफळ मोजतं. ते दहा टक्के दारासमोर आहेत की दाराच्या मागे, हे ते सांगत नाही. ओसरीताईंचा 'एका नजरेतला एकच' हा नियम मला जास्त पटतो.

---

तांबडीमाती | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

आम्ही वेंगुर्ल्याचे. आवरतं घेणं हे आपल्याकडे जुनंच आहे, फक्त त्याला कुणी तसं म्हटलं नाही. गोव्यातल्या, सिंधुदुर्गातल्या, कारवारकडच्या जुन्या देवळांत कावीचं काम पाहा. काव म्हणजे आपली तांबडी माती. भिंतीवर एक थर पांढऱ्या चुन्याचा, त्यावर तांबडा थर, आणि तो ओला असताना वरचा खरवडून नक्षी काढायची. वेली, हत्ती, मोर, सगळं दोन रंगांत. तिसरा रंग नाहीच. शेकडो फुलं असलेली भिंत असून डोळ्याला शीण होत नाही. वारलीचंही तसंच, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा. बाकी काही नाही.

पणजीला फोंताइनिशमध्ये गेलात तर घरं बाहेरून पिवळी, निळी, तांबडी आहेत. पोर्तुगीज काळात पांढरा रंग देवळाला, म्हणजे चर्चला राखून ठेवलेला, म्हणून घरांना रंग द्यावे लागत, असं तिथले लोक सांगतात. पण नीट बघा, प्रत्येक घराला एकच रंग, आणि खिडकी-दाराभोवती पांढरी पट्टी. गल्लीभर रंग असूनही गोंधळ का वाटत नाही, याचं उत्तर त्या पांढऱ्या पट्टीत आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. कोकणात गडद रंग लावताना आधी ओल बघा. आमच्या पडवीच्या भिंतीला मी मोरपिशी प्लास्टिक पेंट लावला, पहिल्याच पावसात पोपडे धरले. प्लास्टिक पेंटच्या थराखाली ओल अडकते. पुढच्या वर्षी ते सगळं खरवडून चुना दिला. चुन्याची भिंत श्वास घेते. चुन्यात गडद रंग फारसा येतच नाही, फिकाच येतो. म्हणजे आमच्याकडे पाऊसच रंग आवरायला लावतो.

---

रानजाई | १२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. रागाने नाही, पण मनापासून.

मी अमरावतीची. आमच्या लहानपणीच्या घरात चुन्यात भरपूर नीळ घालून भिंती निळ्या केलेल्या, दारं हिरवी, उंबरा हळद-कुंकवाचा. उन्हाळ्यात ४४-४५ अंश तापमानात बाहेरून आत आलं की त्या निळ्या खोलीत डोळे थंड व्हायचे. आता जे 'संयमी' घर म्हणून दाखवतात ते सगळं बदामी, राखाडी, पांढरं. एखाद्या हॉटेलच्या खोलीसारखं. आणि ज्यांच्या घरी निळ्या-हिरव्या भिंती आहेत त्यांच्या रंगाला 'भडक' म्हणतात. माझ्या आईच्या घराला एका पाहुणीने असं म्हटलेलं मी ऐकलं आहे. आई काही बोलली नाही, पण पुढच्या दिवाळीत तिने भिंती क्रीम करून घेतल्या. मला ते अजून लागतं.

त्यामुळे रंग कमी करा असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, कुणाच्या डोळ्याला कमी?

---

ओसरी | १२ फेब्रुवारी, रात्री ८:५०

रानजाई, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझ्या आईच्या निळ्या भिंतींबद्दल वाचून मीही थांबले.

मला वाटतं, तुझ्या आईचं घर आवरलेलंच होतं. घरभर एक निळा. दारांना एक हिरवा. उंबऱ्याला हळदकुंकू. एवढेच रंग, आणि प्रत्येकाची जागा पक्की. आमच्या घरातल्या आधीच्या नारिंगी-जांभळ्या-पोपटीत तसं नव्हतं. तिथे प्रत्येक भिंत पाहुण्यांना काहीतरी दाखवायला निघाली होती. मी 'फिका' म्हणजे 'चांगला' असं म्हणतच नाहीये. माझा पॅसेज या घरातला सगळ्यात गडद भाग आहे आणि मला तोच सगळ्यात प्रिय आहे. मोजके म्हणजे फिके नव्हेत.

आईंना विचार ना, पुन्हा निळा आवडेल का.

---

पैठणकाठ | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

मी येवल्याचा. घरात माग आहे. रंगाची भाषा आम्ही साडीवरून बोलतो, तर त्याच भाषेत सांगतो.

पैठणीच्या पदराला मोर, कमळ, मुनिया, सगळा ऐवज असतो. पण अंगाला काय? बारीक बुट्टी, नाहीतर एकदम साधं. सगळीकडे मोर विणता येतील, पण मग पदर पदर राहणार नाही. इरकलीतही तेच: अंग काळपट, हिरवं, साधं, काठ लाल. घरात मी हेच करतो. आमच्या बैठकीत तीन भिंती अंग आहेत आणि देवघराची भिंत पदर.

दुसरी गोष्ट धूपछावची. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. उदाहरणार्थ निळा आणि हिरवा. कापड हलवलं की मोरपिशी चमकतं. पण उभ्या-आडव्याचे रंग चुकले की तेच कापड मळकट दिसतं, आणि गंमत म्हणजे दोन्ही धागे सुटे पाहिले तर सुंदर असतात. काका म्हणायचे, रंगाची परीक्षा त्याच्या शेजाऱ्याजवळ बसवून करायची, एकट्याची नाही.

---

गिलावा | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:००

पैठणकाठ, तुमच्या काकांनी सांगितलं तेच फ्रान्समध्ये एका रसायनशास्त्रज्ञाला दोनशे वर्षांपूर्वी सापडलं होतं. मिशेल यूजेन शव्रल १८२४ साली पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणतात तिथे, रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तक्रार अशी होती की काळा धागा नीट काळा दिसत नाही, रंगाई कच्ची आहे. त्याने तपासलं तर रंगात दोष नव्हता. काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे विणले होते त्यांच्यामुळे काळा फिका दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर सविस्तर लिहिलं. एका रंगाशेजारी दुसरा ठेवला की दोघेही बदलतात.

म्हणूनच ओसरीताईंचं कपाट जांभळ्यापुढे काळं आणि मोतियापुढे तपकिरी दिसलं. म्हणूनच मी ग्राहकांना बजावते, नव्या रंगाचा नमुना जुन्या रंगाच्या भिंतीवर मारू नका. पोपटी भिंतीवर करड्याचा पट्टा मारला तर तो करडा गुलाबी दिसेल, तुम्ही घाबरून तो रद्द कराल. पुठ्ठ्यावर मारा, भोवती चार बोटं पांढरी कड सोडा, मग बघा.

एक जगप्रसिद्ध घर सांगते, कारण गडद रंग म्हटलं की त्याचंच नाव निघतं. मेक्सिको सिटीतलं वास्तुविशारद लुईस बारागान यांचं स्वतःचं घर. १९४८चं बांधकाम, २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. फोटोंमध्ये झगझगीत गुलाबी भिंत दिसते, म्हणून लोकांना वाटतं सगळं घर गुलाबी. प्रत्यक्षात आतल्या बहुतेक भिंती पांढऱ्या आहेत. आत शिरल्यावरच्या दालनात काळ्या ज्वालामुखी दगडाची जमीन, त्याच दगडाचा जिना, एक गुलाबी भिंत, आणि जिन्याच्या वळणावर सोन्याच्या वर्खाचा एक चौकोनी फलक. उंचावरच्या खिडकीतून उजेड त्या फलकावर पडतो आणि तिथून दालनात उतरतो. एवढ्याच गोष्टींनी ते घर लोकांच्या लक्षात राहिलं.

वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी भिंतीच्या कागदासाठी एका स्विस कंपनीला १९३१ मध्ये ४३ आणि १९५९ मध्ये आणखी २० छटा निवडून दिल्या. एकूण ६३. आपल्याकडे दुकानातलं यंत्र हजारो छटा मिसळून देतं. मी स्वतः आता ग्राहकासमोर सातपेक्षा जास्त छटा ठेवत नाही.

---

दिठी | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

एक बाजू राहिली आहे, म्हणून लिहिते. माझी आई ७८ वर्षांची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. दोन वर्षांपूर्वी आम्ही घर नवं केलं तेव्हा सगळं एकसारखं बदामी केलं. भिंत बदामी, दाराची चौकट बदामी, स्विचबोर्ड बदामी, बाथरूमच्या टाइल्स आणि कमोड दोन्ही पांढरे. दिसायला सुरेख. आणि आईला दाराची कड दिसेना, बाथरूममध्ये कमोड कुठे संपतो ते कळेना. एकदा ती चौकटीला धडकली, कपाळाला टाके पडले.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ब्रिटनमध्ये इमारतींसाठी जे प्रमाण आहे त्यात वर गिलावा यांनी सांगितलेल्या एलआरव्हीच्या आकड्यात भिंत आणि दार यांच्यात ३०चा फरक ठेवा असं सांगितलं आहे. कमी दिसणाऱ्यांना तेवढा फरक लागतो. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळ्या-हिरव्यातला फरक ओळखणं अवघड जातं, म्हणून फिक्या निळ्याशेजारी फिका हिरवा वृद्धांना एकच वाटतो.

आम्ही सगळं पाडलं नाही. चौकटी गडद तपकिरी केल्या, स्विचबोर्डच्या मागे चार बोटांची विटकरी पट्टी मारली, कमोडवर गडद निळी सीट बसवली, जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पट्टी. आता रात्री आई एकटी उठते.

म्हणून माझं म्हणणं, आवरा, पण जिथे हात जातो आणि पाय पडतो तिथे रंग द्यायला कचरू नका.

---

ओसरी | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

दिठी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाई आमच्याकडे येऊन-जाऊन असतात. आज संध्याकाळी बाथरूम याच नजरेने बघते. आईंना नमस्कार सांगा.

---

उत्तरवारा | १४ फेब्रुवारी, रात्री ११:५०

मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला भाड्याच्या घरात राहतो. भिंती पांढऱ्या, आणि त्या मी रंगवायला गेलो नाही. डिसेंबरात दुपारी साडेतीन-चारला अंधार पडतो. इथल्या लोकांकडून मी एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे छताला एक मोठा दिवा न लावता खोलीत पाच-सहा छोटे दिवे ठेवायचे. खिडकीत एक, पुस्तकांजवळ एक, खुर्चीशेजारी एक. डिसेंबरात तर जवळजवळ प्रत्येक खिडकीत कागदी चांदणी नाहीतर सात दिव्यांची कमान दिसते. पांढरी भिंत दिव्याजवळ लोण्यासारखी पिवळी दिसते आणि कोपऱ्यात निळसर करडी. रंगाचा डबा न उघडता तीन रंग मिळतात.

भारतात सुट्टीवर आलो की घराघरात पांढऱ्या-निळ्या प्रकाशाची ट्यूब दिसते. बल्बच्या खोक्यावर ६५०० के (केल्विन, म्हणजे प्रकाशाच्या रंगाचा आकडा) लिहिलेलं असतं, तोच तो प्रकाश. बसायच्या खोलीत ३००० किंवा २७०० के, म्हणजे पिवळसर, लावून बघा. अभ्यासाला, स्वयंपाकाला ४००० ठीक. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर असेल तर रंग खरे दिसतात. हा बदल सगळ्यात स्वस्त आहे.

---

सातवा_मजला | १५ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

धागा वाचून धीर आला, म्हणून माझा प्रश्न टाकते. ठाण्यात दोन बेडरूमचं घर. हॉल उत्तरेकडे, समोर पन्नास फुटांवर दुसरा टॉवर. बाटलीहिरवा मोठा सोफा आहे, तो बदलायचा नाही, कारण तो आमच्या दोघांच्या पहिल्या बोनसमधून घेतला आहे. भिंती सध्या थंड पांढऱ्या. मला सोफ्यामागची भिंत हळदी करायची होती. नवऱ्याला वॉलपेपर हवा आहे, पानांचा. सासरे म्हणतात, खोलीत अंधार आहे, जे कराल ते उजळ करा. येत्या महिन्यात पेंटर बोलवायचा आहे. काय करू?

---

गिलावा | १५ फेब्रुवारी, रात्री ९:००

तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

उत्तरेचा उजेड निळसर आणि स्थिर असतो. (तुमच्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा थोडा फरक पडेल, पण त्यातले बरेच दिवस ढगातच जातात.) निळसर उजेडात थंड पांढरा आणखी थंड होतो, म्हणून सासऱ्यांना अंधार वाटतो. उबदार फिका रंग घ्या, श्रीखंडी किंवा बदामी, एलआरव्ही ७०च्या वर.

बाटलीहिरवा सोफा हा तुमच्या हॉलचा पदर आहे, पैठणकाठ यांच्या शब्दांत. त्याच्या मागे हळदी आली की दोघे भांडतील, आणि पानांचा वॉलपेपर आला तर सोफा पानांत हरवेल. हळदी खूपच हवी असेल तर ती अशा जागी द्या जी सोफ्याबरोबर एका नजरेत येत नाही. दार उघडल्यावर चपलांच्या कपाटाजवळ जो छोटा चौक असतो ना, तिथे. आणि वॉलपेपर बेडरूममध्ये, पलंगाच्या मागे, जिथे पडल्यावर तो दिसत नाही आणि खोलीत शिरताना दिसतो.

पण रंगाच्या आधी दिवे बदला. मग पुठ्ठे करा. घाई करू नका.

---

रानजाई | १६ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

ओसरी, आईला विचारलं. ती म्हणाली, "सगळं घर नको आता, माझी झोपायची खोली कर." फोनवर तिचा आवाज वेगळाच आला. होळीला जाते आहे. चुना आणि नीळच घेणार, पण आता खाली क्रीमचा डिस्टेंपर आहे, त्यावर चुना धरेल का?

---

तांबडीमाती | १६ फेब्रुवारी, सायंकाळी ६:०५

धरणार नाही, सुटेल. आधी डिस्टेंपर ओला करून पत्र्याच्या पट्टीने पूर्ण खरवडून काढा, गिलावा दिसेपर्यंत. दोन दिवस वाळू द्या. चुना आदल्या रात्रीच भिजवून ठेवा, सकाळी कापडातून गाळा, थोडा डिंक घाला म्हणजे हाताला लागणार नाही. चुना मारण्याआधी भिंतीवर पाण्याचा शिडकावा. एक जाड हात मारू नका, तीन पातळ मारा. नीळ वेगळ्या भांड्यात कालवून मग मिसळा, आणि लक्षात ठेवा, ओला असताना जो निळा दिसतो तो वाळल्यावर बराच फिका होतो. पहिला हात पूर्ण वाळू द्या, मग दुसऱ्यात नीळ वाढवायची का ते आईंनाच ठरवू द्या. डोळ्यांना चष्मा लावून काम करा, चुना डोळ्यात गेला तर वाईट.

---

रानजाई | १६ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२०

लिहून घेतलं. मनापासून आभार.

---

सातवा_मजला | १२ मार्च, रात्री १०:३०

सांगायला आले. गिलावाताईंनी सांगितलं तसं आधी दिवे बदलले. ६५०० के च्या दोन ट्यूब काढल्या, एक ३००० के चा छताला आणि एक उभा दिवा सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी. त्याच रात्री सासरे म्हणाले, "आता उजेड आला," आणि तोवर भिंतीला ब्रशही लागला नव्हता.

मग पुठ्ठे. श्रीखंडीच्या दोन छटा आणि एक बदामी. दहा दिवस भिंतीला टेकवून ठेवले. एक श्रीखंडी सकाळी छान, पण दुपारी चारनंतर हिरवट व्हायची. कळेना का. मग लक्षात आलं, समोरच्या टॉवरची या बाजूची भिंत पिस्ता रंगाची आहे आणि चारनंतर तिच्यावर ऊन पडतं, ते परत आमच्या हॉलमध्ये येतं. ही गोष्ट दुकानात उभं राहून कुणाला सांगता आली असती? दुसरी श्रीखंडी, जिच्यात थोडा अबोली आहे, ती सगळ्या वेळी टिकली. तीच लावली, चारी भिंतींना. एकही भिंत वेगळी केली नाही. छतही त्याच रंगाच्या खूप फिक्या छटेत, गार पांढरं नाही.

सोफा आता किती हिरवा दिसतो! नवऱ्याने वॉलपेपरचा विषय स्वतःच सोडला. सासरे त्या उभ्या दिव्याखाली पेपर वाचत बसतात, आधी ते आतल्या खोलीत बसायचे.

सोमवारी पेंटर दाराजवळच्या चौकात हळदी लावायला येतोय. चार बाय पाच फुटांची जागा, एक बाजू चपलांच्या कपाटाची. तिथे दोन्ही भिंती हळदी करू की एकच?

---

ओसरी | १२ मार्च, रात्री १०:५५

किती छान झालं! वाचून फार आनंद झाला.

एवढ्या छोट्या जागेत दोन्ही करा. एकच केली तर कोपऱ्यात रंग मध्येच तुटल्यासारखा दिसतो. आणि पेंटरला आठवणीने सांगा, हॉलकडे उघडणाऱ्या कमानीची जाडी, म्हणजे ती सहा इंचांची आतली बाजू, तीही हळदीच करायला. आमच्या पॅसेजला ती मोतिया राहिली होती आणि हॉलमधून बघताना पांढरी कड मध्ये यायची. मला पेंटरला परत बोलवावं लागलं होतं.

---

रानजाई | १३ मार्च, सकाळी ८:००

आईच्या खोलीचा दुसरा हात काल वाळला. तिने नीळ वाढवायला सांगितली. तिसरा हात आज.